फ्लेक्स फाडला, आता पोराचं काय करायचं?

ताई, नमस्कार.

मी बुलडाणा जिल्ह्यात मेहकरकडच्या एका खेड्यात राहतो. फौजेतून रिटायर होऊन आल्यापासून जिल्हा परिषद शाळेमागच्या ग्राऊंडवर पहाटे भरतीच्या पोरापोरींना पळवतो. पैसे घेत नाही. याच ग्राऊंडवरून एक पोरगा पुढे गेला. पाच हजार मीटरमध्ये राज्यात पहिला आला, मग राष्ट्रीय स्पर्धेत पदक घेतलं. गावानं उघड्या जीपमधून मिरवणूक काढली, फाट्यावर त्याचा फ्लेक्स लावला. यंदा तो डोपिंगमध्ये, म्हणजे बंदी असलेलं औषध घेतल्याच्या तपासणीत सापडला. पेपरात नाव आलं आणि दोन दिवसांत कोणीतरी फ्लेक्स फाडला. पारावर लोक त्याच्या बापाला टोमणे मारतात.

पोरगा तेव्हापासून घरातच आहे. वावरात जात नाही, धड जेवत नाही. त्याची माय मला म्हणाली, "भाऊ, त्याले तुमच्यासंगं ग्राऊंडवर घेऊन जा न." पण काही पालक म्हणतात, तो आला तर आमची लेकरं येणार नाहीत. मलाही त्याचा राग आहे. माझ्या ग्राऊंडचं नाव त्यानं मातीत घातलं.

पोरं विचारतात, सर, सगळेच घेतात का? मोठमोठे खेळाडू असे पडतात तेव्हा पोरांना काय सांगावं? व्यायामशाळेच्या भिंतीवर खाशाबा जाधवांशेजारी पैलवान सुशील कुमारचा फोटो होता, तो 2021 मध्ये आम्ही काढला. आता याचाही काढायचा का?

– एक माजी सैनिक

भाऊ, नमस्कार.

तुम्ही बरंच विचारलंत, पण मी सुरुवात करते ती तुम्ही एका ओळीत उरकलेल्या गोष्टीपासून. वावरात जात नाही, धड जेवत नाही. हे वाचाल त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जा. ग्राऊंड, गाव, फोटो, सगळं नंतर. त्याला ओट्यावर एकट्याला घेऊन बसा आणि सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का रे? असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. कोणीतरी विचारतंय म्हटल्यावर माणूस मोकळा होतो. त्याच्या बापाला बाजूला घेऊन सांगा, फवारणीचं औषध घरात ठेवू नका, कुलपात टाका नाहीतर दुसऱ्याकडे ठेवायला द्या. कपाशी-सोयाबीनच्या घरात तो डबा कुठे असतो हे आपल्याला माहीत आहे, आणि आपल्या भागात त्या डब्यानं किती घरं उजाड केली तेही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो "हो" म्हणाला किंवा नुसता गप्प राहिला तरी त्याला एकटं सोडू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः घेऊन जा. आणि एखाद्या संध्याकाळी पारावर त्याच्या बापाशेजारी जाऊन बसा. तुम्ही बसलात तर टोमणे मारायची कोणाची छाती होणार नाही.

तुमचा राग मला कळतो. पहाटे साडेचारला उठून दुसऱ्याची लेकरं पळवणाऱ्या माणसाला राग येणार नाही तर कोणाला येणार? तो गिळू नका. पण तो घेऊनही त्याच्या दारात जाता येतं.

आता पोरांचा प्रश्न. सगळेच घेतात का? नाही, सगळे घेत नाहीत. पण एवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं नाही, कारण मोबाईलवर ती सगळं बघतात. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये राज्य स्पर्धा चालू होती. स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया पडल्याचा व्हिडिओ फिरला, नाडाचे, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचे, तपासणी अधिकारी स्टेडियममध्ये आले आणि पुरुषांच्या 100 मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. बाकीचे आलेच नाहीत. हे पोरांपासून लपवू नका. त्यांना विचारा, तो जो एकटा पळाला, त्याच्या मनात त्या दिवशी काय आलं असेल? ज्यानं काही घेतलं नाही त्याचीही शर्यत बाकीच्यांनी नासवली, हे त्यांना आपोआप उमगेल.

त्याहून जवळची गोष्ट आपल्या नागपूरची आहे. 19 मार्च 2000. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या (व्हीसीए) जुन्या मैदानावर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा पाचवा एकदिवसीय सामना. सामन्याआधी आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए यानं सलामीचा फलंदाज हर्शेल गिब्ज आणि गोलंदाज हेन्री विल्यम्स या दोघांसमोर पैसे ठेवले. प्रत्येकी 15,000 डॉलर. गिब्जनं 20 च्या आत बाद व्हायचं, विल्यम्सनं आपल्या दहा षटकांत 50 हून जास्त धावा द्यायच्या. दोघेही हो म्हणाले. मग गिब्ज मैदानात उतरला आणि त्याची बॅट चालायला लागली ती थांबेना. 74 धावा काढल्या. विल्यम्सचा खांदा दुसऱ्याच षटकात दुखावला, त्यानं जेमतेम 11 चेंडू टाकले. ठरलेलं काहीच झालं नाही, एक पैसा हाती आला नाही. तरी दोघांवर सहा-सहा महिन्यांची बंदी आली. गिब्ज तर पोलिसांच्या भीतीनं पुढची कितीतरी वर्षं भारतात आला नाही.

क्रोनिएचं बिंग एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी फोडलं. बुकीशी झालेलं फोनवरचं बोलणं त्यांच्याकडे होतं. आधी त्यानं साफ नाकारलं. त्या देशात त्याच्या शब्दावर लोकांचा इतका भरवसा की सगळे आपल्या पोलिसांनाच खोटं म्हणायला लागले. चार दिवसांनी पहाटे तीन वाजता त्यानं बोर्डाच्या प्रमुखाला, अली बाकर यांना, फोन करून सांगितलं की मी पूर्ण खरं बोललो नाही. ऑक्टोबरमध्ये आजन्म बंदी, आणि जून 2002 मध्ये विमान अपघातात मृत्यू. वय 32.

ही गोष्ट पोरांना सांगाल तेव्हा क्रोनिएवर फार रेंगाळू नका, गिब्ज आणि विल्यम्सवर थांबा. पैसे द्यायला आलेला माणूस काळा चष्मा घातलेला कोणी परका नव्हता. त्यांचा कर्णधार होता. त्याच्या एका शब्दावर संघातली जागा राहायची किंवा जायची. कर्णधार हसत हसत विचारतोय म्हटल्यावर तोंडातून "नाही" निघालं नाही, आणि नंतर कोणाला जाऊन सांगायचीही हिंमत झाली नाही.

मोठे खेळाडू पडल्याच्या गोष्टी बघितल्या की मला पुन्हा पुन्हा हेच दिसतं. पडणारा एकटा दिसतो, पण बहुतेक वेळा त्याच्या पाठीशी एक वरचा माणूस असतो. कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सननं 24 सप्टेंबर 1988 ला सोल ऑलिम्पिकमध्ये 100 मीटर 9.79 सेकंदांत मारली, सगळं जग उठून उभं राहिलं, आणि तीन दिवसांत स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉईड सापडून सुवर्णपदक परत गेलं. पुढच्या वर्षी कॅनडात चौकशी बसली तेव्हा त्याचे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी शपथेवर सांगितलं की हे वर्षानुवर्षं चालू होतं, डॉक्टरसकट. आपल्याकडे 2010 च्या आशियाई स्पर्धेत 4x400 रिलेचं सुवर्ण आणणाऱ्या मुलींपैकी काही जणी 2011 मध्ये सापडल्या. त्यात अश्विनी अक्कुंजी होती, कर्नाटकातल्या शेतकऱ्याची लेक. मुलींचं म्हणणं होतं, परदेशी प्रशिक्षकानं आणून दिलेलं जिनसेंग खाल्लं, त्यात काय होतं आम्हाला कुठे माहीत? सरकारनं त्या प्रशिक्षकाला काढलं. पण मुलींची एका वर्षाची बंदी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं दोन वर्षांची केली, कारण नियम कडक आहे. पोटात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूची, देणारा कोणीही असो.

म्हणून तुमच्या पोराला "का घेतलंस" हे विचाराल त्याआधी "कोणी दिलं" हे विचारा. पाच हजार मीटर पळणारा खेड्यातला पोरगा ते नाव स्वतः शोधून काढत नाही. कोणीतरी सांगितलं असेल, यानं रिकव्हरी होते, सगळे घेतात, इतक्यात टेस्टला येत नाही. तो माणूस आजही कुठल्यातरी ट्रॅकवर दुसऱ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून उभा असेल. गावानं फाडायचंच असेल तर त्याचं नाव फाडावं.

यात पोराच्या फायद्याचंही काही आहे, ते त्याला कोणी सांगितलं नसेल. डोपिंगच्या नियमात चार वर्षांची शिक्षा असेल आणि आरोपाची नोटीस आल्यापासून 20 दिवसांत गुन्हा व शिक्षा दोन्ही मान्य केली, तर एक वर्ष कमी होतं. ती मुदत गेली असेल तरी दुसरी वाट आहे. औषध पुरवणाऱ्याबद्दल नाडाला खरी, उपयोगी माहिती दिली आणि त्यातून दुसऱ्याचा गुन्हा उघड झाला तर शिक्षेचा बराच भाग स्थगित होऊ शकतो. निकाल लागल्यानंतरसुद्धा. त्याला वकिलाची गरज पडेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

ग्राऊंडवर न्यायचं का? माझं मत, न्या. पण तीन गोष्टी बघून.

पहिली नियमाची. तुमचं ग्राऊंड नुसतंच गावचं असेल तर तो तिथे स्वतःपुरता पळू शकतो. पण ते जिल्हा अ‍ॅथलेटिक्स संघटनेशी क्लब म्हणून नोंदलेलं असेल, तर बंदी संपायच्या आधीचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा चौथा भाग, यात जो काळ कमी असेल तो सोडून त्याला तिथे सरावही करता येत नाही. मग त्याला पांदणीनं पळवा, पण पळवा. आणि बंदी असेपर्यंत पोरांना शिकवणं, त्यांचं टायमिंग घेणं, काय खावं ते सांगणं, यातलं काहीही त्याच्याकडे देऊ नका. बंदीतल्या माणसाकडून ट्रेनिंग घेतलं म्हणून संघटनेच्या स्पर्धांत उतरणारं तुमचं एखादं निष्पाप लेकरूच अडचणीत येऊ शकतं. नाडाला ईमेल करून लेखी विचारून घ्या. तुम्ही फौजेतले, कागदाचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगावं!

दुसरी, त्यानं हे औषध तुमच्या ग्राऊंडवरच्या कोणाला दिलं होतं का? हे त्याला डोळ्यात डोळे घालून विचारा. स्वतः घेणं आणि लहानांना लावणं यात फार अंतर आहे. अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं उदाहरण घ्या. 1999 ते 2005 सलग सात वेळा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली, कॅन्सरमधून उठून. 2012 मध्ये सातही किताब गेले आणि जानेवारी 2013 मध्ये त्यानं टीव्हीवर कबुली दिली. त्यानं औषधं घेतली याचा मला जेवढा राग आहे, त्याहून जास्त राग आहे तो खरं बोलणाऱ्यांशी तो जसा वागला त्याचा. संघात मालिश करणारी एमा ओ'रायली हिनं तोंड उघडलं तर तिची नाही नाही ती बदनामी केली, कोर्टात खेचलं. तपास यंत्रणेनं त्याच्यावर ठेवलेल्या आरोपांत संघातल्या इतरांना औषधं घ्यायला लावल्याचाही आरोप होता. तुमच्या पोरानं असलं काही केलं असेल तर ग्राऊंडचं दार तूर्त बंद ठेवा. तसं नसेल, आणि तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, तर अडवायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट त्यानं करायची. एका पहाटे धावणं झाल्यावर पोरं घाम पुसत मातीत बसलेली असताना त्यानं उभं राहून सांगावं, मी काय घेतलं, कोणी दिलं, तेव्हा माझ्या मनात काय होतं. माईक नको, सत्कारासारखं काही नको, सरपंच नको. जे पालक नाही म्हणतात त्यांना मात्र मुद्दाम बोलवा. पोरांना हवं ते विचारू द्या. एखादी पोरगी विचारेल, मग त्या दिवशी तू जिंकला होतास की नाही? उत्तर त्यालाच देऊ द्या, तुम्ही मध्ये पडू नका. तो तयार नसेल तर घाई करू नका. घरातून बाहेर पडायलाच त्याला महिनाभर लागेल कदाचित.

पालकांना पाकिस्तानचा गोलंदाज मोहम्मद आमिरची आठवण करून द्या. ऑगस्ट 2010, लॉर्ड्स, वय 18. पैशाच्या सौद्यात ठरवून टाकलेले नोबॉल, पाय रेषेच्या इतका पुढे की बघणारे चक्रावले. तिथेही वरचा माणूस होताच, कर्णधार सलमान बट. आमिरनं आधी नाकारलं, पण कोर्टात उभं राहायची वेळ आली तेव्हा गुन्हा कबूल केला. सहा महिन्यांची कैद झाली, पाच वर्षांची बंदी भोगली. 2016 मध्ये त्याच लॉर्ड्सवर तो कसोटी खेळला, आणि 2017 च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात रोहित, कोहली, धवन तिघांनाही त्यानंच गारद केलं. आपल्याला ते सलतं, पण शिक्षा पूर्ण भोगून आलेल्या माणसाला खेळू दिलं गेलं, हे योग्यच होतं. त्याच्याविषयी क्रिकेटमधले सगळे एकमतानं बोलत नाहीत, काहींचं मत आजही आहे की परत घ्यायलाच नको होतं. तुमच्या पालकांपैकीही काही जण तसंच म्हणत राहतील. त्यांची लेकरं आली नाहीत तर वाट बघा, भांडू नका.

आता तुमच्याविषयी थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. त्या ग्राऊंडवरचे वरचे माणूस तुम्ही आहात. पोरं तुमचा शब्द हुकुमासारखा झेलतात. शिस्त म्हणून ते चांगलंच आहे. पण एक गोष्ट त्यांना तुम्हीच शिकवायची आहे, की शरीरात काही घालायची वेळ आली तर कोणाचाही हुकूम चालत नाही, माझासुद्धा नाही. ते नुसतं सांगू नका, करून घ्या. एखाद्या पोराला समोर उभं करा, तुम्ही अकॅडमीचा कोच व्हा, म्हणा, "घे, एवढीच गोळी आहे, सोळाशे मीटरमध्ये वीस सेकंद वाचतील." त्याला मोठ्यानं "नाही सर" म्हणायला लावा. पोरं आधी हसतील. पुन्हा करून घ्या, प्रत्येकाकडून, मुलींकडूनही.

आणि भरतीच्या पोरांच्या पिशव्या एकदा उघडून बघा. पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरआधी सुई टोचून घ्यायची, तालुक्याच्या दुकानातून बिनबिलाची पावडर आणायची, मेडिकलवाल्यानं दिलेली गोळी नाव न वाचता गिळायची, हे प्रकार आपल्याकडे चालतात. यातल्या कित्येकांची नाडा कधी तपासणी करणार नाही, पण हृदय, मूत्रपिंड आणि यकृत तर त्यांचंच आहे. जी लेकरं संघटनेच्या स्पर्धांत जातात त्यांना साध्या दुखण्यातही जपायला लागतं. ताप आला, अंग दुखलं की गावच्या डॉक्टरकडे जाऊन कमरेत एक सुई घ्यायची आपली सवय. त्या सुईत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉईड असू शकतं, आणि स्पर्धेच्या काळात ते इंजेक्शनानं घेतलेलं चालत नाही. डॉक्टरांना आधीच सांगायचं, मी खेळाडू आहे, औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या. बंदी असलेल्या द्रव्यांची यादी दरवर्षी 1 जानेवारीला बदलते, नाडाच्या संकेतस्थळावर मिळते. एखादं औषध आजारासाठी लागतच असेल तर त्याची रीतसर परवानगी मागता येते. हे सगळं एका वहीत लिहून व्यायामशाळेत टांगून ठेवा.

फोटोंचं सांगते. सुशील कुमारची गोष्ट आणि याची गोष्ट एक नाही. सुशीलची ऑलिम्पिकमधली 2008 चं कांस्य आणि 2012 चं रौप्य ही पदकं खरी होती, ती कोणी परत घेतली नाहीत. 2021 मध्ये त्याला अटक झाली ती एका तरुण पैलवानाच्या खुनाच्या आरोपावरून, आणि त्याचा निवाडा कोर्टाचा. एखाद्याचं पदक खरं असू शकतं आणि त्याच्यावरचा आरोप तितकाच भयंकर असू शकतो. पोरांना दोन्ही सांगा, ती समजून घेतात. फोटो काढलात ते मला पटतं, व्यायामशाळेची भिंत म्हणजे रेकॉर्ड बुक नव्हे.

तुमच्या पोराचा पदक घेतानाचा फोटो काढा. ते पदक ज्याच्या हक्काचं होतं तो चौथा आलेला पोरगाही कुठल्यातरी खेड्यातलाच असेल, त्याचा मान म्हणून काढा. पण फ्लेक्ससारखं रातोरात नको. दिवसाउजेडी, पोरांसमोर, का काढतोय ते सांगून, आणि जमलं तर त्याच्याच हातानं. फोटो त्याच्या घरी न्यायचा की काय करायचं, ते त्याला ठरवू द्या.

नाडाकडून काय उत्तर येतं ते मला कळवा. त्याआधी, आज त्याच्या घरी जाऊन आलात की दोन ओळी टाका.

– तुमची ताई